फुली मारलेले गर्डर

मुलुंडला डोंगराच्या बाजूला रस्ता चढायला लागतो, तिथे अठरा बैठ्या खोल्यांची एक जुनी चाळ आहे. तिच्यातल्या सातव्या खोलीत चंद्रप्रकाश वाहुळे राहतो. मूळचा जालन्याकडचा. सोळाव्या वर्षी मुंबईत आला, एका फॅब्रिकेटरच्या हाताखाली वेल्डिंग शिकला आणि पुढे तीस वर्षं जिने, शेड, ग्रिल, दुकानांचे माळे हेच करत राहिला. कुठल्या गर्डरवर किती वजन टाकायचं हे त्याला कागदाआधी डोळ्यांनी कळायचं. लोक त्याला त्यासाठीच बोलवायचे.

त्याच्या मुलाचं, मिथुनचं, लग्न झालं तेव्हा एका खोलीत चौघं मावेनात म्हणून मिथुन आणि तेजल टिटवाळ्याला भाड्याने गेले. वर्षभराने तेजलला दिवस राहिले. चंद्रप्रकाशची बायको शकु त्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "नातवंड बघायला मी पाहुण्यासारखी पिशवी घेऊन जाणार का हो?"

दुसऱ्या दिवशी तो टेप घेऊन पत्र्यावर चढला.

चाळ कागदोपत्री जुनी, मालक हयात, नकाशा शाबूत. रीतसर अर्ज केला तर वर एक खोली बांधायला परवानगी मिळू शकेल, असं त्याला पार्ल्याच्या देवस्थळींनी सांगितलं. सुशांत देवस्थळी लायसन्सवाले इंजिनीअर. चंद्रप्रकाशने त्यांच्या दोन-तीन कामांवर वेल्डिंग केलं होतं. तो त्यांना म्हणाला, "सर, गर्डर मी जुने घालणार. तेव्हाचं लोखंड जाड असतं. आजच्या मालात मला तो भरवसा वाटत नाही."

"जुनं चालेल," देवस्थळी म्हणाले. "पण नव्या लोखंडाबरोबर कंपनीचा दाखला येतो. जुन्याला आईबाप नसतात. ते चांगलं आहे हे आपल्याला सिद्ध करावं लागेल. मला, आणि वॉर्ड ऑफिसलाही."

कुर्ल्याकडच्या एका भंगारवाड्यात पाडलेल्या कारखान्याचे गर्डर आल्याचं त्याला कळलं. तो सकाळीच गेला. सहा गर्डर होते, एकाच मापाचे. त्याने वायरब्रशने प्रत्येकाचा गंज काढला, हातोडीने टोकापासून टोकापर्यंत वाजवून बघितला. चार पक्के निघाले. उरलेले दोन बहुतेक कारखान्यात ॲसिडच्या टाकीपाशी असावेत. त्यांची मधली पट्टी खालपर्यंत खाल्ली गेली होती, हातोडी मारली की पापुद्रे गळत होते. एकाला तर टोकापाशी पाच भोकांची रांग होती आणि सहावं भोक कुणीतरी वेल्डिंग भरून बुजवलं होतं. चंद्रप्रकाशने खिशातून खडू काढून त्या दोघांवर मोठ्या फुल्या मारल्या.

"हे वितळवायला पाठव," तो वाड्याच्या मालकाला म्हणाला. "कुणाच्या घरात नको जायला."

"पाठवतो," मालक म्हणाला.

पुढचे दोन महिने कागदांत गेले. चारही गर्डरचे तुकडे कापून लॅबमध्ये गेले. तिथे ते मशीनवर ओढून तोडले आणि आकडे उत्तम आले. देवस्थळींनी हिशोब मांडला, भिंती तपासल्या. सातव्या आणि आठव्या खोलीतली भिंत एकच होती, चौदा इंची, जुन्या विटांची. गर्डरची एक बाजू तिच्यावर बसणार होती. देवस्थळींनी तिच्यावर काँक्रीटची उशी घालायला लावली आणि सही केली.

वॉर्ड ऑफिसकडून तपासायला आली ती मानसी खोत. तिशीची, अंगाने बारीक, डोक्यावर स्वतःचं हेल्मेट. शिडी कुणी धरायच्या आत ती वर चढली. गर्डरची जाडी तिने आठ ठिकाणी मोजली. मग एका जोडापाशी थांबली.

"काका, हे वेल्डिंग कोणी केलंय?"

"मीच."

"घाईत केलंय."

चंद्रप्रकाशने वाकून बघितलं. खरंच होतं. तीस वर्षांत त्याची चूक कुणी अशी दाखवली नव्हती, आणि त्याला राग यायच्या ऐवजी बरं वाटलं. "घासून परत करतो, मॅडम."

"करा. जुन्या लोखंडाचं काम माझ्याकडे पहिल्यांदाच आलंय. म्हणून मी तुम्हाला जरा जास्तच छळणार आहे."

तिने छळलंही. तीनदा आली. दर वेळी काहीतरी काढलं आणि दर वेळी त्याने ते नीट केलं. चाळीतले लोक हसायचे; एवढ्याशा खोलीला एवढी तपासणी. पण चंद्रप्रकाशला मनातून अभिमान होता, की या चाळीतलं सगळ्यात पक्कं काम आपलं.

आठव्या खोलीत लवू घाडी राहायचा. मालवणकडचा, बाप गिरणीत होता, हा एका कंपनीच्या कँटीनमध्ये स्वयंपाकी. बायको प्रेमा, मुलगी दर्शना. वाहुळे आणि घाडी बावीस वर्षं शेजारी. लवूने गावाहून आणलेली कोकमं अर्धी वाहुळ्यांकडे जायची, आणि लवूच्या दाराची बिजागरी सुटली की चंद्रप्रकाश न बोलावता जायचा.

चंद्रप्रकाशचे गर्डर चढले तसा लवू रोज येऊन बघू लागला. एक दिवस म्हणाला, "माझ्यापण वर चढव रे एक खोली. दर्शनाचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. पोरीला अभ्यासाला कोपरा नाही."

"चढवू ना. आधी देवस्थळींना बोलाव. कागद कर. मग मी आहेच."

"कागदात वर्ष जाईल. पोरगी पास होऊन जाईल तोपर्यंत."

"जाऊ दे. पण कागद कर."

लवू "बघतो" म्हणाला. पंधरा दिवसांनी त्याने परस्पर एक ठेकेदार गाठला, आणि एका सकाळी टेम्पोतून दोन गर्डर उतरले. ताजा राखाडी रंग, चकचकीत. चंद्रप्रकाश कामावर निघाला होता. तो सहज टेम्पोजवळ गेला आणि थबकला. टोकापाशी पाच भोकं होती. सहावं बुजवलेलं होतं.

त्याने नखाने रंग खरवडला. खालून पापुद्रा सुटला.

"लवू, हे गर्डर घालू नको. हे मी टाकून दिलेले आहेत. माझ्या हाताने फुली मारली होती यांच्यावर."

लवू ठेकेदाराच्या माणसांसमोर उभा होता. त्याचा चेहरा उतरला, मग ताठ झाला. "तुझं घर झालं. आता दुसऱ्याचं लोखंड खराब?"

"अरे, तसं नाही. मधली पट्टी बघ ना—"

"तुला काम दिलं नाही म्हणून पोटात दुखतंय, होय ना? सरळ बोल की."

"लवू, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"माझ्या घराचा इचार तू करू नको." रागात लवूच्या तोंडात मालवणी यायची. "तुझी ती मॅडम बोलव नि माझा काम बंद पाड. करशीलच तू."

आतून प्रेमा बाहेर आली, "काय चाललंय सकाळी सकाळी" म्हणाली. चंद्रप्रकाश मान खाली घालून निघून गेला. त्याला वाटलं, चार दिवसांनी राग शांत झाला की पुन्हा समजावू.

चार दिवसांनी मानसी खोत शेवटच्या तपासणीला आली.

तेजलला आठवा महिना लागला होता. ती आणि मिथुन सामान घेऊन आदल्याच दिवशी आले होते. वरच्या खोलीचा दाखला मिळाला की तिथे गादी टाकायची होती. मानसीने वर फिरून सगळं बघितलं, फाईल उघडली, पेन काढलं. तेवढ्यात तिची नजर खिडकीतून शेजारी गेली. आठव्या खोलीवर निळी ताडपत्री ताणलेली होती आणि तिच्याखाली ठोकाठोक चालू होती.

"शेजारी काय चाललंय, काका?"

चंद्रप्रकाशच्या हातात चहाचा कप होता. तो त्याने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"गर्डर घालतायत का? परवानगी घेतलीय त्यांनी?"

पुढे काय होणार हे त्याला एका क्षणात दिसलं. खरं सांगितलं तर मानसी शेजारी चढणार. काम बंद होणार. भिंत सामायिक, म्हणजे ती पुन्हा तपासावी लागणार आणि तोवर त्याचाही दाखला अडकणार. तेजलला परत टिटवाळ्याला पाठवायचं, या दिवसांत. आणि लवू चाळभर सांगणार, बघा, मी म्हटलं होतं ना, यानेच मॅडम आणली.

"माहीत नाही, मॅडम," तो म्हणाला. "पत्रे बदलतायत वाटतं."

मानसीने घड्याळात बघितलं. तिला अजून दोन ठिकाणी जायचं होतं. तिने सही केली. "तुमच्यासारखं काम सगळ्यांनी केलं तर आमचं ऑफिसच बंद होईल," असं हसून म्हणाली आणि उतरली.

ती गल्लीच्या टोकाला गेली तेव्हा शकु जिन्यात उभी होती. "पत्रे?" ती म्हणाली.

"आपला दाखला हातात पडू दे. मग लवूशी बोलतो मी."

"कधी?"

"बोलतो म्हटलं ना."

नात झाली. तिचं नाव आर्या ठेवलं. वरच्या खोलीत पाळणा टांगला तो त्या जुन्या गर्डरच्याच कडीला. तेवढे महिने घर भरलेलं होतं. शकु दिवसातून दहादा जिना चढायची आणि गुडघे दुखतात म्हणून एकदाही म्हणायची नाही. लवू बोलत नव्हता, पण प्रेमाने भांडण मानलं नाही. ती तेजलसाठी अळिवाचे लाडू घेऊन आली, आर्याला पायांवर घेऊन न्हाऊ घालू लागली. चंद्रप्रकाश घरी असला की ती म्हणायची, "भाऊजी, आमच्या ह्यांचं मनावर घेऊ नका. डोकं गरम, पण मन तसं नाही."

तो "नाही वहिनी" म्हणायचा आणि तिच्याकडे बघायचं टाळायचा.

किती तरी वेळा तो लवूच्या दारापर्यंत गेला. एकदा लवू कामावर होता. एकदा पाहुणे होते. एकदा लवूने त्याला बघून दार लोटलं, आणि चंद्रप्रकाशला, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं. प्रेमाला सांगता आलं असतं. पण प्रेमाला सांगायचं म्हणजे मानसीपुढे आपण काय बोललो तेही सांगायचं. तो स्वतःला समजवायचा, वर एक पोरगी, एक टेबल, एक कॉट. एवढ्याने काही होत नाही. लोखंड एकदम जात नाही. आधी वाकतं, आवाज करतं, माणसाला वेळ देतं.

फेब्रुवारीत लवूने छतावर पाण्याची काळी टाकी चढवली. हजार लिटरची.

त्या दिवशी चंद्रप्रकाश जेवला नाही. "रविवारी लवू घरी असतो," तो शकुला म्हणाला. "रविवारी काही झालं तरी बोलतो. त्याने मारलं तरी चालेल."

शनिवारी खाडीपलीकडच्या मनोरीच्या एका बंगल्याचा निरोप आला. जिना कोसळायला आलाय, पाहुणे यायचेत, लगेच या. रविवारी तो मनोरीला गेला. काम लांबलं. सोमवारीही जावं लागलं, मंगळवारीही.

मंगळवारी सकाळी सव्वादहाला तो जिन्याच्या शेवटच्या पायऱ्या बसवत होता तेव्हा मिथुनचा फोन आला. मिथुन रडत होता. आधी काही कळेना. मग कळलं.

"पप्पा, घाडीकाकांचं वरचं खाली आलं. प्रेमाकाकी आत आहेत."

"तेजल? बाळ?"

"बाहेर आहेत. आपली खोली उभी आहे. पण काकी आत आहेत, पप्पा. आवाज येत नाही."

तो हत्यारं तिथेच टाकून जेट्टीवर धावला. होडी पलीकडे मार्वेला होती. ती माणसं घेऊन सावकाश येत होती आणि त्याला उभं राहून बघण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. होडीत एक कोळीण टोपली घेऊन त्याच्या शेजारी बसली. त्याच्याकडे बघून ती म्हणाली, "काय झालं रं भावा?" तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची त्याला भीती वाटली.

तो मुलुंडला पोचला तेव्हा प्रेमाला नेलं होतं. पडलं तेव्हा ती खालच्या खोलीत कुकर लावत होती. गर्डर त्या भोकांपाशीच तुटला होता, टाकी आणि लादी घेऊन सरळ खाली. दर्शना कॉलेजात होती, लवू कँटीनमध्ये. प्रेमा हॉस्पिटलपर्यंतही जिवंत पोचली नाही.

चंद्रप्रकाशच्या खोलीचे चारही गर्डर जागच्या जागी होते. एक केसभरही हलले नव्हते. अग्निशमन दलाच्या माणसाने ते बघून विचारलं, "हे काम कोणाचं?" कुणीतरी त्याच्याकडे बोट दाखवलं. "झकास काम आहे," तो माणूस म्हणाला. चंद्रप्रकाश भिंतीला टेकून खाली बसला.

ठेकेदाराचा फोन त्याच दिवसापासून बंद लागला.

देवस्थळी दुसऱ्या दिवशी आले. लवूचा गर्डर पडताना त्याने सामायिक भिंत ओढली होती. वरपासून खालपर्यंत हात जाईल एवढी फट पडली होती. "तुमच्या लोखंडाला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "पण ते ज्या भिंतीवर उभं आहे ती गेली. वरची खोली उतरवावी लागेल, वाहुळे. मला याच्यावर सही करता येणार नाही."

"नका करू," तो म्हणाला.

खोली त्याने स्वतःच उतरवली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पाळण्याची कडी काढली, खाली टेकू लावले, आणि ज्या जोडांवर मानसीने बोट ठेवलं होतं ते गॅस कटरने कापले. मिथुन, तेजल आणि आर्या टिटवाळ्याला परत गेले. शकुही त्यांच्याबरोबर गेली. "बाळ लहान आहे, महिनाभर राहते," असं ती म्हणाली. निघताना दारात थांबली. त्याला वाटलं, ती बोलेल. ती पिशवी उचलून निघाली.

प्रेमाचा दहावा झाल्यावर तो वॉर्ड ऑफिसमध्ये गेला. मानसी खोत एका कोपऱ्यातल्या टेबलावर होती. तिच्यामागे चौकशी लागली होती. शेजारचं काम चालू असताना तपासणीला गेलेली अधिकारी तीच.

"मॅडम, मला माहीत होतं," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "ते गर्डर मी ओळखले होते. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो."

तिने हातातली फाईल मिटली. "लिहून द्याल?"

"द्यायलाच आलोय."

त्याने तिथेच बसून दोन पानं लिहिली. तिने वाचली, घडी घातली.

"याने तुम्ही सुटाल ना, मॅडम?"

"कागदावर सुटेन कदाचित." तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी विचारलं, तुम्ही सांगितलं, मला ते सोयीचं होतं. पत्रे बदलायला एवढी ठोकाठोक लागत नाही, हे मला कळत होतं, काका. खिडकीतून वाकले असते तरी दिसलं असतं. मी घड्याळात बघितलं."

तो पाया पडायला वाकला. "नका," ती एकदम म्हणाली, इतक्या मोठ्याने की आजूबाजूची माणसं वळली. "प्लीज, नका."

लवू आणि दर्शना लवूच्या बहिणीकडे मालाडला होते. तिथे जायला चंद्रप्रकाशला आणखी आठ दिवस लागले. लवू गॅलरीत स्टुलावर बसला होता. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. चंद्रप्रकाशला बघून तो उठला आणि त्याच्या गळ्यात पडला.

"तू माका सांगलेलंस रे," तो हुंदके देत म्हणाला. "मीच आयकलंय नाय. माझ्याच हातान मारलंय तिका."

चंद्रप्रकाशला वाटलं, आता गप्प बसावं. आपल्याला माफ करण्यासारखं काही आहे, हे या माणसाला माहीतच नाही. गप्प बसलं की बावीस वर्षांचा शेजार परत मिळेल. त्याला ते फार हवंसं वाटलं. पण तो बोलला.

"लवू, मॅडमने मला विचारलं होतं. काम चालू होतं तेव्हाच. शेजारी गर्डर घालतायत का, म्हणून. मी म्हटलं, माहीत नाही. सांगितलं असतं तर तेव्हाच थांबलं असतं."

लवूचे हात त्याच्या खांद्यांवरून हळूहळू खाली आले. तो परत स्टुलावर बसला आणि रस्त्याकडे बघू लागला. बहिणीने आतून चहा आणला, तो दोघांच्या मध्ये निवला. लवू म्हणाला, "दर्शनाक सांगू नको." आणि मग, "तू जा आता."

या गोष्टीला चार महिने झाले. शकुचा महिना अजून संपलेला नाही. ती फोनवर आर्याला दात आल्याचं सांगते, गोळ्या घेतल्या का विचारते, आणि ठेवते. मधली भिंत नव्याने बांधली. चंद्रप्रकाश खालच्या खोलीत एकटा असतो. गर्डरची कामं त्याने बंद केली. खिडक्यांच्या जाळ्या करतो, ज्यांच्याखाली कुणी राहत नाही.

परवा दर्शनाचा फोन आला. ती पास झाली होती. घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली होती. जवळच एक खोली बघितली होती, तिच्यासाठी आणि बाबांसाठी.

"काका, तुम्ही एकदा येऊन बघाल? मला छताची भीती वाटते. झोपच लागत नाही कुठे. तुम्ही बघितलंत की मला बरं वाटेल. बाबांना म्हटलं वाहुळेकाकांना दाखवू, तर ते काही बोललेच नाहीत."

तो गेला. दुसऱ्या मजल्यावरची साधी खोली होती. चांगला स्लॅब, कुठे ओल नाही, तडा नाही. भिंती सरळ. बाथरूमच्या कोपऱ्यातही त्याने बघितलं, खिडकीबाहेर वाकून वरचा सज्जा बघितला. कुठल्याही माणसाने डोळे मिटून राहावं अशी खोली होती.

दर्शना दारात उभी होती, हातात चावी. तिचा चेहरा आईसारखाच गोल होता. "ठीक आहे ना, काका?"

त्याने पुन्हा एकदा वर बघितलं. 'ठीक आहे', एवढे दोनच शब्द होते आणि ते खरेही होते. पण आपल्या शब्दावर हिने निर्धास्त झोपावं, हे त्याला सोसेना.

"काका?"

"दुसऱ्या कुणाला तरी दाखव, बाळ," तो म्हणाला. "मला नको विचारू."

आणि तिने पुढे काही विचारायच्या आत तो कठड्याला धरून जिना उतरू लागला.